अमेरिकेतलं ‘आणीबाणीचं’ टॅरिफ आणि ते उठवण्याची काँग्रेसमधली धडपड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या टॉवेलवाल्यांपासून न्यू जर्सीत फराळाच्या डब्याची वाट बघणाऱ्या पुतणीपर्यंत, गेल्या वर्षभरात अनेकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: अमेरिकेत संसद आहे ना, मग तिथले लोकप्रतिनिधी हे टॅरिफ, म्हणजे ट्रम्प यांनी बसवलेलं आयातशुल्क, थांबवत का नाहीत? थांबवायला बघत होते. एकदा नाही, बऱ्याचदा. ते का जमलं नाही आणि त्यातून काय निघालं, ते खाली सांगतो. एक खुलासा आधीच करतो: या पानावर ‘काँग्रेस’ म्हणजे अमेरिकेचं विधिमंडळ. आपल्याकडच्या पक्षाचा इथे काही संबंध नाही.

आणीबाणी? अमेरिकेत आणीबाणी कधी लागली?

आपल्या कानाला आणीबाणी म्हटलं की १९७५ आठवतं. रात्रीची अटक, वर्तमानपत्रांतले कोरे रकाने. अमेरिकेतला प्रकार तसा नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष एका विषयापुरती ‘राष्ट्रीय आणीबाणी’ जाहीर करतो, आणि तसं जाहीर केलं की काही कायद्यांमधले एरवी बंद असलेले अधिकार त्याला वापरता येतात. रोजच्या जगण्यात कुणाला पत्ताही लागत नाही. अशा चाळीसच्या वर आणीबाण्या एकाच वेळी चालू असतात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणबाबत जाहीर केलेली अजून चालू आहे, दरवर्षी नूतनीकरण होतं. भाडेकरार बरा, निदान अकरा महिन्यांनी घरमालक विचारतो तरी.

टॅरिफच्या गोष्टीत अशा तीन-चार आणीबाण्या महत्त्वाच्या. १ फेब्रुवारी २०२५ ला ट्रम्प यांनी फेंटानिल या अमली पदार्थाचं कारण देऊन कॅनडा, मेक्सिको आणि चीनवर शुल्क लावण्याचे आदेश काढले. २ एप्रिलला व्यापारातली तूट हीच आणीबाणी ठरवून जवळजवळ सगळ्या जगावर किमान १० टक्के आणि देशागणिक त्याहून जास्त शुल्क जाहीर केलं. ३० जुलैला ब्राझीलवर ४० टक्क्यांची भर घातली, कारण तिथे माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावर खटला चालला होता. ब्राझीलशी व्यापारात अमेरिकेला तूट नाही, उलट फायदा आहे, तरी आणीबाणी.

टॅरिफ लावायचा अधिकार मुळात कुणाचा?

काँग्रेसचा. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात कर आणि आयातशुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस कायद्याने जेवढं देईल तेवढंच. तसे कायदे बरेच आहेत, पण प्रत्येकात काहीतरी अट असते: चौकशी करा, सुनावणी घ्या, अमुक टक्क्यांच्या वर जाऊ नका, अमुक दिवसांत संपवा.

ट्रम्प यांनी वापरला तो १९७७ चा ‘आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार कायदा’. तो मुख्यतः निर्बंधांसाठी वापरात होता: शत्रूराष्ट्राची बँकखाती गोठवणं, व्यवहार बंद करणं. त्यात टॅरिफ हा शब्दच नाही. आयातीचं ‘नियमन’ करता येईल, असा अर्थ निघतो तोही एका लांबलचक यादीतून. ‘नियमन’ आणि ‘आयात’ या दोन शब्दांच्या मध्ये इंग्रजी मजकुरात सोळा शब्द आहेत. त्या दोन शब्दांना धरून शंभराहून जास्त देशांवर कर बसला. त्याआधी जवळपास पन्नास वर्षं एकाही राष्ट्राध्यक्षाने हा कायदा टॅरिफसाठी वापरला नव्हता.

मग काँग्रेसने आणीबाणी रद्द करून टाकायची. अडचण काय?

खरी मेख इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

सप्टेंबर १९७६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे आणीबाणी ऐन भरात असताना, अमेरिकेत राष्ट्रीय आणीबाणी कायदा झाला. वॉटरगेट घोटाळ्यापायी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना जावं लागलं ते प्रकरण ताजं होतं, राष्ट्राध्यक्षांच्या हाती फार सत्ता गेली असं दोन्ही पक्षांना वाटत होतं. म्हणून कायद्यात सोय केली: काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृहाने, साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपली. राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही. म्हणजे दार उघडलंत तरी किल्ली आमच्याकडे.

ही किल्ली १९८३ मध्ये गेली, आणि गेली ती एका भारतीय नावाच्या खटल्यात. जगदीश राय चढ्ढा हा केनियात वाढलेला भारतीय वंशाचा तरुण अमेरिकेत शिकायला आला होता. व्हिसाची मुदत संपली, परत जायला देश उरला नव्हता. प्रशासनाने त्याला राहू दिलं. प्रतिनिधिगृहाने एका ठरावाने तो निर्णय फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालय म्हणालं की काँग्रेसला असा परस्पर ठराव करून सरकारचा निर्णय उलटवता येणार नाही. कायद्याइतका परिणाम हवा असेल तर कायद्याचीच वाट: दोन्ही सभागृहं, आणि मग राष्ट्राध्यक्षाची सही. चढ्ढा राहिले. पण त्यांच्या एका निकालाने अशा तरतुदी असलेले ढीगभर कायदे लुळे पडले, त्यात आणीबाणीचाही.

१९८५ मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त केला. आता ‘संयुक्त ठराव’ लागतो, आणि तो राष्ट्राध्यक्षाकडे सहीला जातो. ज्याने आणीबाणी लावली त्याच्याचकडे ती उठवण्याचा कागद! तो नकाराधिकार वापरणार हे उघड. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. सगळे हजर असतील तर सिनेटमध्ये ६७ आणि प्रतिनिधिगृहात २९०. आजच्या वाटून गेलेल्या राजकारणात एवढी मतं म्हणजे दिवास्वप्न.

म्हणजे ठराव आणण्यात अर्थच नाही?

एक अर्थ आहे. या ठरावाला ‘प्राधान्य’ असतं. समितीने पंधरा दिवसांत तो पुढे पाठवला पाहिजे, त्यानंतर तीन दिवसांत सभागृहात मतदान. बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याला तो फडताळात टाकून विसरता येत नाही. सिनेटमध्ये एरवी ६० मतांचा जो अडसर असतो तोही इथे नाही, साधं बहुमत पुरतं. त्यामुळे प्रत्येक सदस्याला उभं राहून हो की नाही सांगावं लागतं. एरवी टॅरिफवर दोन्ही दगडांवर पाय ठेवून बोलणाऱ्यांची खरी पंचाईत इथे होते.

सिनेटमध्ये नेमकं काय झालं?

पहिलं मतदान २ एप्रिल २०२५ ला, कॅनडाच्या आणीबाणीवर. व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर टिम केन यांचा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला. त्याच दिवशी दुपारी ट्रम्प व्हाइट हाउसच्या बागेत मोठा तक्ता हातात धरून जगावरचे दर वाचून दाखवत होते, भारताचा दर त्यात २६ टक्के होता.

दुसरा ठराव त्या तक्त्यावरच. ओरेगनचे रॉन वायडन यांनी आणला, ३० एप्रिलला मतदान झालं: ४९ विरुद्ध ४९. बरोबरी झाली की ठराव पडतो. ज्यांची मतं ठरावाच्या बाजूने धरली होती असे दोघे त्या दिवशी हजरच नव्हते: केंटकीचे रिपब्लिकन मिच मॅककॉनेल आणि ऱ्होड आयलंडचे डेमोक्रॅट शेल्डन व्हाइटहाउस. विषय पुन्हा उकरला जाऊ नये म्हणून नंतरच्या मतदानात उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स स्वतः येऊन निर्णायक मत टाकून गेले. ग्रामपंचायतीच्या अविश्वास ठरावाला सदस्य सहलीला गेले की काय होतं, ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

मग ऑक्टोबरअखेर लागोपाठ तीन दिवस. २८ तारखेला ब्राझील, ५२-४८. २९ ला पुन्हा कॅनडा, ५०-४६. ३० ला अख्ख्या जगावरचं टॅरिफ, ५१-४७. तिन्ही मंजूर. त्या आठवड्यात ट्रम्प आशियाच्या दौऱ्यावर होते.

रिपब्लिकन असून विरोधात मत देणारे कोण?

चार नावं सारखी येतात: केंटकीचे रँड पॉल आणि मॅककॉनेल, मेनच्या सुझन कॉलिन्स, अलास्काच्या लिसा मर्कोवस्की. ब्राझीलच्या वेळी नॉर्थ कॅरोलायनाचे थॉम टिलिस पाचवे.

पॉल यांचं म्हणणं तत्त्वाचं आहे: टॅरिफ हा कर आहे, कर एका माणसाच्या सहीने बसू नये. बाकीच्यांच्या मतामागे घरचा नकाशाही दिसतो. केंटकी म्हणजे बर्बन व्हिस्की, आणि मार्च २०२५ मध्ये कॅनडाच्या अनेक प्रांतांनी चिडून सरकारी दुकानांच्या फळ्यांवरून अमेरिकन दारूच काढून टाकली. मेनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथल्या मॅडावास्का गावात कागदाची गिरणी आहे. तिचा लगदा तयार होतो नदीपलीकडच्या एडमंडस्टनला, कॅनडात, आणि नळातून सीमा ओलांडून येतो. एकच कारखाना, मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या माणसाला हे चित्र लगेच कळेल: शेत एका राज्यात, गोठा दुसऱ्यात. आता त्या नळातल्या लगद्यावर शुल्क बसवणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

कारण म्हणून जे फेंटानिल सांगितलं, ते कॅनडाच्या सीमेवर २०२४ च्या आर्थिक वर्षात पकडलं गेलं ४३ पौंड, म्हणजे साडेएकोणीस किलो. मेक्सिकोच्या सीमेवर हजारो किलो. कॅनडाच्या ठरावाला सर्वांत लवकर पाठिंबा मिळाला तो यामुळेच.

प्रतिनिधिगृहाने इतके महिने मतदानच का घेतलं नाही?

कारण तिथे दिवस मोजणंच बंद केलं होतं. ही थट्टा नाही.

वर म्हटलं तसं, कायदा म्हणतो पंधरा ‘कॅलेंडर दिवसांत’ समितीने ठराव पुढे पाठवावा. ११ मार्च २०२५ ला सरकारी खर्चाच्या एका विधेयकावर चर्चेचे नियम ठरवताना रिपब्लिकन नेतृत्वाने त्यात एक ओळ घुसवली. अर्थ असा, की अधिवेशनाचे उरलेले सगळे दिवस या कायद्यापुरते कॅलेंडर दिवस धरले जाणार नाहीत. आपल्या पंचांगात एखादी क्षयतिथी येते, सूर्योदयच न पाहणारी. इथे आख्खं वर्ष क्षयतिथी! पंधरा दिवस कधी पूर्णच होणार नाहीत, त्यामुळे मतदान नाही, आणि मतदान नाही म्हणजे कुणाला टॅरिफच्या बाजूने किंवा विरुद्ध हात वर करावा लागणार नाही.

९ एप्रिलला हीच युक्ती जगभराच्या टॅरिफला लावली, ३० सप्टेंबरपर्यंत. सप्टेंबरमध्ये ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. सिनेटने ऑक्टोबरात तीन ठराव मंजूर करून पाठवले तेव्हा ते याच भिंतीवर आपटले.

माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणात ट्रम्प यांच्या आदेशांपेक्षा ही ओळ मला जास्त खटकली. राष्ट्राध्यक्ष सत्ता ओढून घेणार, ते त्याच्या स्वभावातच आहे. पण आपल्यावर मत द्यायची वेळ येऊ नये म्हणून सभागृहाने स्वतःचंच कॅलेंडर भिंतीवरून उतरवावं?

मग ती भिंत पडली कशी?

तीन माणसांमुळे. १० फेब्रुवारी २०२६ ला नेतृत्वाने मुदत पुन्हा ३१ जुलैपर्यंत वाढवायला काढली. बहुमत इतकं निसटतं, की तिघे फुटले आणि प्रस्ताव २१४-२१७ ने पडला. ते तिघे: केंटकीचे थॉमस मॅसी, नेब्रास्काचे डॉन बेकन, कॅलिफोर्नियाचे केव्हिन कायली.

दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कचे ग्रेगरी मीक्स यांचा कॅनडाबाबतचा ठराव मतदानाला आला आणि २१९-२११ ने मंजूर झाला. सहा रिपब्लिकन बाजूने. मतदान चालू असतानाच ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर धमकावलं, की विरोधात जाणाऱ्या रिपब्लिकनांना निवडणुकीत परिणाम भोगावे लागतील. तरी सहा.

भारतावरच्या ५० टक्क्यांसाठी कुणी काही केलं का?

हो. आधी हिशेब: ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के, आणि रशियन तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. एकूण ५०. औषधं आणि स्मार्टफोन वगळलेले होते, म्हणून गोव्यातल्या औषध कारखान्यांना थेट झळ लागली नाही. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातले दागिने, सोलापूरचे टेरी टॉवेल, कोळंबी यांना मात्र सूट नव्हती.

१२ डिसेंबर २०२५ ला प्रतिनिधिगृहात तिघांनी ठराव मांडला: नॉर्थ कॅरोलायनाच्या डेबोरा रॉस, टेक्ससचे मार्क व्हीझी आणि इलिनॉयचे राजा कृष्णमूर्ती. रशियन तेलापायी बसलेला वाढीव भार रद्द करावा, असा त्याचा रोख. तो मतदानापर्यंत पोचला नाही. २ फेब्रुवारी २०२६ ला ट्रम्प यांनी भारताशी समझोता जाहीर केला, दर १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं आणि तेलाचे जादा २५ त्याच आठवड्यात मागे घेतले गेले. म्हणजे भारतावरचा भार हलका झाला तो वाटाघाटीने.

ठराव आणि विधेयक यांत फरक काय? वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द येतात.

ठराव एकेका आणीबाणीवर घाव घालतो. विधेयकं नियमच बदलू पाहतात. त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं ‘ट्रेड रिव्ह्यू ॲक्ट’, एप्रिल २०२५ मधलं. आयोवाचे रिपब्लिकन चक ग्रासली आणि वॉशिंग्टन राज्याच्या डेमोक्रॅट मारिया कँटवेल यांनी मिळून सिनेटमध्ये आणलं, प्रतिनिधिगृहात वर उल्लेख आलेले बेकन यांनी. मजकूर साधा: राष्ट्राध्यक्षाने नवं शुल्क लावलं की ४८ तासांत काँग्रेसला कारणांसह कळवायचं, आणि काँग्रेसने ६० दिवसांत मंजुरी दिली नाही तर ते आपोआप रद्द.

आपोआप रद्द. सगळी गंमत या दोन शब्दांत आहे. आपल्याकडचा वटहुकूम आठवा. संसद भरल्यापासून सहा आठवड्यांत तिने मंजूर केला नाही तर तो मरतो. सरकारला मतं गोळा करावी लागतात. अमेरिकेतल्या आणीबाणीचं उलट: काही केलं नाही तर ती जगते, आणि मतं गोळा करायची जबाबदारी विरोध करणाऱ्यांवर, तीही दोन तृतीयांश. ग्रासली-कँटवेल विधेयक ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकू बघत होतं. व्हाइट हाउसने नकाराधिकाराचा इशारा लगेच दिला. साहजिकच.

याच जातीची आणखीही विधेयकं आहेत. रँड पॉल यांच्या विधेयकाचं नाव तर ‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची घोषणा. यांतलं एकही कायद्यात उतरलेलं नाही.

आपल्याकडे सरकारला असं अचानक शुल्क वाढवता येतं का?

येतं. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातलं ८-अ हे कलम त्यासाठीच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसलं ते याच कलमाखाली, एका रात्रीत. अटारीला उभे असलेले ट्रक जागीच अडकले. पण अशी अधिसूचना संसदेपुढे मंजुरीला ठेवावी लागते. आता आपल्या संसदेत सरकारचं बहुमत असतंच, त्यामुळे प्रत्यक्षात किती फरक पडतो ते तुम्हीच ठरवा.

आजवर काँग्रेसने एखादी आणीबाणी खरंच संपवली आहे का?

एकदा. कोविडची. १० एप्रिल २०२३ ला बायडन यांनी सही केली, आणि तीही आणीबाणी तशीही महिन्याभरात संपणार होती म्हणून. त्याआधी २०१९ मध्ये मेक्सिकोच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी लावलेली आणीबाणी रद्द करायचा ठराव सिनेटमध्ये ५९-४१ असा दणक्यात मंजूर झाला होता. ट्रम्प यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार त्यावरच वापरला. तो मोडायला प्रतिनिधिगृहात २४८ मतं पडली, दोन तृतीयांशाला बरीच कमी. विषय संपला.

शेवटी हे टॅरिफ न्यायालयाने रद्द केलं. मग ठरावांचा उपयोग काय झाला?

२० फेब्रुवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला, की १९७७ च्या कायद्यातून टॅरिफ लावायचा अधिकार मिळत नाही. निकाल सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिला. दावा मांडणाऱ्यांत इलिनॉयची शैक्षणिक खेळणी बनवणारी एक कंपनी होती, न्यूयॉर्कचा एक छोटा वाइन आयातदार होता. आयातदारांची बाजू भारतीय वंशाचे वकील नील कत्याल यांनी मांडली.

तोपर्यंत एकही ठराव दोन्ही सभागृहांतून पार होऊन राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर गेला नव्हता. या हिशेबाने उपयोग शून्य. पण ५ नोव्हेंबर २०२५ च्या सुनावणीत न्यायमूर्ती गॉर्सच यांनी सरकारी वकिलांना नेमकं हेच विचारलं: एकदा अधिकार दिला की काँग्रेसला तो परत कसा घेता येणार, नकाराधिकार आड येणारच ना? गॉर्सच यांना खुद्द ट्रम्प यांनीच नेमलं आहे, आणि ते सहांच्या बाजूला गेले. सिनेटमध्ये बहुमत मिळूनही टॅरिफ तसूभर हललं नव्हतं. तो प्रश्न पुस्तकी नसल्याचा याहून ताजा दाखला कुठला?

म्हणजे आता सगळं टॅरिफ गेलं?

छे. पोलाद, ॲल्युमिनियम, मोटारी यांवरची शुल्कं १९६२ च्या कायद्याच्या कलम २३२ खाली आहेत. तिथे आणीबाणीचा प्रश्नच नाही, म्हणून हे ठराव आणि हा निकाल दोन्ही त्यांना लागू नाहीत.

शिवाय निकालाच्या दिवशीच ट्रम्प यांनी १९७४ च्या व्यापार कायद्यातलं कलम १२२ वापरायला घेतलं आणि २४ फेब्रुवारीपासून जगभरच्या मालावर १० टक्के लावले. या कलमाला मात्र कुंपण आहे: कमाल १५ टक्के, कमाल १५० दिवस, आणि पुढे न्यायचं तर काँग्रेसचा कायदा हवा. निक्सन यांनी १९७१ मध्ये आयातीवर सरसकट १० टक्के अधिभार लावला होता, त्या अनुभवानंतर काँग्रेसने हे कुंपण घातलं. इथे वटहुकमासारखं आहे बघा: गप्प बसलं तर शुल्क मरतं.

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मराठी माणूस आहे ना? त्यांचा यात संबंध?

श्री ठाणेदार, बेळगावचे. मिशिगनमधून डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले. त्यांच्या मतदारसंघात डेट्रॉइट येतं आणि डेट्रॉइटच्या नदीपलीकडे कॅनडाचं विंडसर. गाडीचा एखादा भाग पूर्ण होईपर्यंत मधल्या पुलावरून अनेकदा इकडून तिकडे जातो. कॅनडाच्या टॅरिफचा वाद तिथे भाषणाचा विषय नाही, पगाराचा आहे.

तुम्ही स्वतः अमेरिकेत राहत असाल तर तुमच्या भागाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करता येतो. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बीवर असलात तरी. मतदार नसलात तरी तुम्ही त्यांच्या भागातले रहिवासी आहातच, आणि फोन घेणारी मुलं आलेल्या फोनची विषयवार नोंद ठेवतात.

भरलेलं शुल्क परत मिळेल का?

बहुसंख्य न्यायमूर्तींच्या निकालपत्रात परताव्याबद्दल काही सांगितलेलं नाही. तो विषय खालच्या न्यायालयांकडे गेला. एक गोष्ट पक्की: परतावा मागायचा हक्क अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याकडे ज्याच्या नावे शुल्क भरलं गेलं त्या आयातदाराचा. सोलापूरच्या निर्यातदाराने भाव पाडून निम्मा बोजा स्वतः उचलला असेल तर तो त्यांच्या आपसातला हिशेब. ईमेल, बिलं, करार जपून ठेवा. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानात ज्यांनी मसाल्याचं पाकीट महाग घेतलं, त्यांनी ते पैसे विसरलेले बरे.

फराळाचा डबा पाठवू का नको?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर शुल्क लागत नसे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली, आणि बंद झाली ती याच आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन. शुल्क कुणी, कसं गोळा करायचं याचा पत्ता नव्हता, म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, नंतर तर पत्रंसुद्धा. सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला. वसुबारस दोन दिवसांवर आली होती. तेव्हा भारतातून जाणाऱ्या मालाला जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क होतं, तेही इथेच आगाऊ.

आम्ही त्या वर्षी पोस्टाची वाट न बघता खासगी कुरियर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने चकलीचा दहा आकडी टॅरिफ कोड विचारला. मी म्हटलं, भाजणीची. तो म्हणाला, काका, तसा रकाना नाही. शेवटी त्याने चकली, शेव आणि कडबोळी एकाच कोडात कोंबली, अनारशांना ‘बेकरी’ केलं आणि करंज्यांवर अडला. डबा पोचला तुळशीच्या लग्नानंतर, करंज्यांचा चुरा झालेला.

खासगी भेट म्हणून, एका माणसाने एका माणसाला, १०० डॉलरच्या आतली वस्तू शुल्काविना जाते, ही जुनी सवलत आदेशातही कायम ठेवली होती. तेव्हा डबा लहान ठेवा, पाकिटावर ‘भेट’ असं स्पष्ट लिहा, प्रत्येक जिन्नस वजनासह वेगळा नोंदवा, किंमत खरी लिहा. पाठवायच्या आठवड्यातच पोस्टात किंवा कुरियरकडे चालू दर विचारून घ्या. मागच्या महिन्याचा दर धरून चालू नका. आणि करंज्या वगळा, शंकरपाळे टिकतात.